कपाटातून निघणारी नऊ माणसं

माझ्याकडे जुन्या कार्टूनच्या रिळांचे एकतीस डबे आहेत. हे मी आपणहून कुणाला सांगत नाही. गेवराईत दोन खोल्यांत एकटी राहणारी, पन्नाशीला टेकलेली कॉलेजची ग्रंथपाल बाई रविवारी कार्टून बघत बसते, हे कळलं की लोक आधी हसतात आणि मग कीव करतात. हसण्याचं मला काही वाटत नाही. कीव मात्र मी चालवून घेत नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली पहिली मी. उमापूरहून एसटीच्या पासावर बी.ए. केलं, पुढं ग्रंथालयाची पदवी घेतली, आणि आज माझ्या सहीशिवाय कॉलेजातलं एक पुस्तक जागचं हलत नाही. लग्न झालं होतं, टिकलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

डब्यांची सुरुवात निर्लेखनातून झाली. ग्रंथालयातल्या फाटक्या-तुटक्या वस्तू नोंदवहीतून कमी करतात, त्याला निर्लेखन म्हणतात. एका वर्षीच्या यादीत माळ्यावरचं एक जुनं प्रोजेक्टर आणि सात रिळं निघाली. नोंद होती, पण त्यांच्याकडं कुणी बघितल्याची खूण नव्हती. भंगारात जायची होती. मी अर्ज केला, रीतसर पावती फाडली आणि घरी आणली. शिपाईमामांनी रिक्षातून आणून दिली. उतरवताना म्हणाले, "म्याडम, टीव्ही घ्यायचा सोडून ही शिलाई मशीन कावून आणली?"

सातातली सहा रिळं सरकारी प्रचाराची होती. गुरांच्या लशी, विहिरीचं पाणी, असलं काहीबाही. सातवं कार्टून होतं. एक कावळा, एक घागर आणि वर ढग. तीन-चार मिनिटांचं. कुणी काढलं, कुठं काढलं, काही पत्ता नाही, कारण नावांचा तुकडाच कापलेला. प्रोजेक्टर तेव्हा नीट चालत नव्हतं, म्हणून मी ते रीळ खिडकीच्या उजेडात धरून भिंगातून एकेक चित्र बघितलं. त्यातल्या एका चित्रात कावळ्याला चोच नव्हती. आधीच्या चित्रात होती, पुढच्याही चित्रात होती. मधल्या एकातच काढणारा विसरला होता.

मला त्या चोचीनं धरलं ते आजवर सोडलं नाही. सेकंदाला चोवीस चित्रं पळतात. ती चूक कुणाच्याही डोळ्यांना दिसली नसणार. तपासणाऱ्याला नाही, बघणाऱ्याला तर नाहीच. म्हणजे कुठंतरी एक माणूस टेबलाशी बसून शेकडो कावळे काढत होता, एकदा त्याचं मन दुसरीकडं गेलं, आणि तेवढं त्या चित्रात राहिलं. इतक्या वर्षांनी ते गेवराईत मला सापडलं. आता त्या माणसाची आणि माझी ओळख आहे, असं मी धरून चालते. नावाजलेली कार्टूनं मला नकोत. ती दप्तरांवर आहेत, पाण्याच्या बाटल्यांवर आहेत, त्यांना बघायला सगळं जग आहे. ज्याला कुणी विचारत नाही ते आपल्यापाशी आलं की वाटतं, आपण घरात एकटे नाही.

असं वाटणारी माणसं आणखीही असतात, हे मला फोनवरच्या एका गटातून कळलं. संग्राहकांचा गट. त्यातले पुण्याचे एक निवृत्त गृहस्थ माझ्याशी नेमानं बोलू लागले. त्यांच्याकडं दीड खोली भरून रिळं आहेत. मी त्यांना कधी बघितलेलं नाही. आवाज जड, बोलणं पुस्तकी. रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा, आणि खरं सांगायचं तर आठवड्यातला कामाशिवायचा तेवढा एकच फोन.

त्यांनाच मी पहिल्यांदा गाढवाबद्दल सांगितलं.

उमापूरच्या जत्रेत तंबूतली टॉकीज यायची. मी तेव्हा दुसरीत असेन. मोठा सिनेमा लागायच्या आधी, लोक बसेपर्यंत, एक कार्टून दाखवायचे. एक गाढव पाठीवर भलंमोठं कपाट घेऊन डोंगर चढतंय. मागून मालक ढकलतोय. वळण आलं की कपाटाचं दार उघडतं आणि आतून एक माणूस बाहेर पडतो. पुन्हा वळण, पुन्हा माणूस. आणि गाढव बोलायचं, आमच्यासारखं. "ढकलतो कावून बे, मी काय ट्रॅक्टर हाय?" कपाटातून ढेरपोट्या निघाला तेव्हा ते म्हणालं, "हे बगा, तलाठी. सातबारा मागाया गेलं की ह्यो हितं लपून बसतो." एक बाई निघाली पातेलं घेऊन, तर म्हणालं, "ही वरच्या आळीची. इरजण मागाया आली ती आठ दिस झाले घरी गेलीच न्हाई."

त्यावर माझी आई हसली. नुसती हसली नाही, तोंडात पदर कोंबून वाकली. आई कापूस वेचायला जायची. सकाळी अंधारात उठायची आणि बोलायची फार कमी. तिचं हसणं मी आधी कधी बघितलं नव्हतं आणि नंतरही तसं बघितलं नाही. आता तिला जाऊन बारा वर्षं झाली. तिचा चेहरा आठवायला बसले की मला फोटोतला आठवतो, कडक आणि समोर बघणारा. हसणारा आठवायचा तर आधी ते गाढव आठवावं लागतं.

म्हणून मला ते रीळ पाहिजे होतं. बाकीचे तीस डबे नादाचे. हे एक गरजेचं.

पुण्याच्या गृहस्थांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मराठीत बोलणारं गाढव? तेही तुमच्याकडच्या बोलीत? बाई, असं कुणी तयार केलेलं नाही. माझ्या माहितीत तरी नाही."

"तुमच्या माहितीत नसेल. मी बघितलंय."

"लहानपणी आपण बऱ्याच गोष्टी बघितलेल्या असतात."

"मी ग्रंथपाल आहे," मी म्हणाले. "बघितलेलं आणि ऐकीव यातला फरक मला कळतो."

दोन दिवसांनी त्यांनी फोनवर एक तुकडा पाठवला. त्यांच्याच संग्रहातलं रीळ, कुठल्यातरी पूर्व युरोपातल्या देशाचं असावं असा त्यांचा अंदाज. गाढव होतं. कपाटही होतं. पण ते गाढव एक शब्द बोलत नव्हतं, मागं नुसता पियानो. आणि ते डावीकडून उजवीकडं चढत होतं. माझं गाढव उजवीकडून डावीकडं चढायचं. त्याबद्दल माझी खात्री होती, कारण आई माझ्या डाव्या हाताला बसली होती आणि गाढव तिच्याच दिशेनं चाललं होतं.

मी कळवलं, हे नाही. त्यांनी विचारलं, खात्री आहे? मी लिहिलं, पूर्ण. एवढंच लिहून थांबायला पाहिजे होतं, पण मी पुढं लिहिलं की तुमचं गाढव मुकं आहे, माझं बोलतं आहे, यापेक्षा मोठा फरक काय असतो. शिकलेल्या माणसाला खात्रीची फार हौस असते. त्या खात्रीपायी मी चार वर्षं दुसरं गाढव शोधत राहिले. बीडच्या भंगारवाल्यांकडं गेले, संभाजीनगरच्या गल्ल्यांत हिंडले, नारायणगडाच्या जत्रेत म्हाताऱ्या दुकानदारांना विचारलं. डबे वाढले. गाढव मिळालं नाही.

मग गेल्या वर्षी प्रोजेक्टरचा पट्टा तुटला.

हायवेला गाड्या दुरुस्त करणारं एक गॅरेज आहे, तिथं नेला. पोराचं गॅरेज, आणि दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बाप बसलेला. पांढरी दाढी, गुडघ्यांवर दोन्ही हात. पोरगा पट्टा उलटापालटा करत म्हणाला, "म्याडम, ही कोणती गाडी?" तेवढ्यात बापानं हात पुढं केला.

"इकडं आण बे. ती गाडी न्हाई. सोळा एमएमचं शिनेमाचं मशीन हाय."

त्यांनी पट्टा नाकाला लावला, ताणला आणि खिशात घातला. "शिलाई मशीनच्या वादीचा करून देतो. उद्या या. मशीन बी आणा, दाखवा मला. सतरा साल चालवली मी, तंबूत."

दुसऱ्या दिवशी मी प्रोजेक्टर घेऊन गेले आणि गाढवाचं विचारलं. विचारायला हा शेवटचा माणूस आहे हे मला कळत होतं.

गॅरेजवर सगळे त्यांना चाचा म्हणायचे. चाचा हसले नाहीत. शांतपणे म्हणाले, "कपाटवालं ना? ते मुकंच होतं. आवाज माझा."

"तुमचा?"

"भोंगा होता, माईक होता. लोकं बसेपत्तर काय करायचं? मी बोलत बसायचो. गावात तंबू लागला की मी पहिलं चहाच्या हाटेलात जाऊन बसायचो. कुणाचं कुणाशी वाजलंय, कोण पळून गेलंय, तलाठी कसा हाय, समदं इचारून घ्यायचं. शाम को गधे के मुँह में डाल देना." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "कोणतं गाव तुमचं?"

"उमापूर."

"उमापूरचा तलाठी लई बिलंदर होता," ते म्हणाले.

मी दिशेचंही विचारलं. गाढव उजवीकडून डावीकडं जायचं ना?

"तुम्ही बायकांत बसला असाल. मग पडद्याच्या मागं. आमच्या तंबूत पुढं बापे, मागं बाया. मागनं समदं उलटंच दिसतं."

मी घरी आले आणि पुण्याला फोन लावला. चार वर्षांपूर्वी तुम्ही पाठवलं तेच होतं, चूक माझी होती, एवढं सरळ सांगितलं. मला वाटलं, आता सुनावणार. ते म्हणाले, "ते रीळ आंबलं आहे, बाई. वास सुटलाय. आकसलंय. कडेची भोकं फाटायला लागलीत. एकदा चालेल, कदाचित तेही नाही. आमच्या शास्त्राप्रमाणं चालवूच नये."

"मला एकदाच पाहिजे."

"तुमच्या जागी मी असतो तर चालवलं नसतं. जपून ठेवलं असतं." मग म्हणाले, "पण जपून ठेवलेलं मी तरी कुणाला दाखवतो. पाठवतो."

डबा कुरिअरनं आला. झाकण काढलं तर नासलेल्या लोणच्यासारखा वास खोलीभर पसरला. मी ते तीन दिवस उघडं ठेवलं, मऊ कापडानं पुसलं, जिथं भोकं फाटली होती तिथं पारदर्शक पट्टी लावली. भिंगातून सगळी चित्रं बघितली. एका ठिकाणी गाढवाला तीनच पाय होते.

रविवारी दुपारी चाचांना बोलावलं. खिडक्यांना गोधड्या लावल्या. दोन खोल्यांच्या मधल्या दारात पांढरी चादर ताणून बांधली. प्रोजेक्टर बाहेरच्या खोलीत ठेवलं आणि माझी खुर्ची आत, स्वयंपाकघरात, म्हणजे चादरीच्या मागं. चाचांनी ते सगळं बघितलं आणि मान हलवली. रीळ चढवताना त्यांचे हात थरथरत नव्हते, एरवी चहाची बशी धरताना थरथरतात.

"हां, सांगा आता," ते म्हणाले.

"काय सांगू?"

"गावातलं. मला काय ठावं? कपाटातनं नऊ माणसं निघत्यात. कोण कोण काढू?"

मला वाटलं होतं, ते तेव्हाचंच बोलतील. तलाठी, इरजणवाली. मी तसं म्हणाले. ते म्हणाले, "ते त्या दिवसाचं होतं, बाई. रोज येगळं. उमापूरचं मी मादळमोहीत बोललो असतो तर कुत्रं हसलं नसतं. बसलेल्या लोकांचंच बोलावं लागतं. आज बसलंय कोण? तुमी. मग तुमची माणसं सांगा."

ही गोष्ट चार वर्षांत माझ्या डोक्यात आली नव्हती. मी ती वस्तू समजत होते. डब्यात घालून फळीवर ठेवता येईल अशी.

"आई," मी म्हणाले. "पण ती नाही आता."

"चालतंय. कशी होती?"

मी सांगितलं. कापूस वेचायची, कमी बोलायची, पदर तोंडात कोंबून हसायची. चाचांनी मोजायला बोट दुमडलं. एक.

"भाऊ आहे. संभाजीनगरला. दिवाळीला येतो."

"दरसाली?"

"येतो म्हणतो."

दोन. तिसरे शिपाईमामा, ते बुधवारी चहाला थांबतात. चौथे पुण्याचे गृहस्थ. "कसे दिसत्यात?" चाचांनी विचारलं. मी म्हणाले, माहीत नाही. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, पण बोट दुमडलं.

मग मी थांबले. शेजारच्या बाई बदलून गेल्या होत्या, नव्या आलेल्यांशी माझं बोलणं गॅसच्या टाकीपुरतं. कॉलेजात सगळे ओळखतात, मॅडम म्हणतात, मान देतात. त्यातलं कुणी कपाटातून निघावं असं नव्हतं. शाळेतली एक मैत्रीण होती. तिचं सासरचं आडनाव मला आठवेना. मी स्वयंपाकघरात उभी राहून आठवत होते आणि बाहेर चाचा चार दुमडलेली बोटं धरून बसले होते. पुस्तकांच्या वीस हजार नोंदी मी सांभाळते. नऊ माणसं मला काढता आली नाहीत.

"पाचवा मला धरा," चाचा म्हणाले. "बाकी गाढव बघून घेईल. बसा जाऊन आत. दिवा बंद करा."

खटखट आवाज सुरू झाला आणि चादरीवर उजेड आला. गाढव उजवीकडून निघालं. डोंगर होता, वळणं होती, रेघा सगळ्या थरथरत होत्या, रीळ आकसल्यामुळं चित्र खालीवर होत होतं. पहिल्या वळणाला पलीकडून आवाज आला. बसका होता, म्हाताऱ्या माणसाचा. पण मी तो ओळखला.

"ढकलतो कावून बे. ह्या बाईच्या घरी कुणी येईना म्हून गाढवाला बोलावलंय, तर जरा इज्जतीनं ने की."

मी हसले. राग यायला पाहिजे होता, पण आधी हसू आलं.

ढेरपोट्या निघाला. "हे शिपाईमामा. बुधवार समजून आले, तर आज रविवार निघाला." मग टोपीवाला निघाला. "हे पुण्याचे. ह्यांना कुणी बघितलं न्हाई, म्हून टोपी वढून घेतली." तिसरा भाऊ, हातात पेटी. "आलो म्हणतो आणि पेटी न्हाई उघडत." चौथा लंगडत निघाला, ते चाचा स्वतः. त्यांनी स्वतःबद्दल जे सांगितलं ते गॅरेजवाल्या पोराला कळलं तर भांडण होईल, म्हणून इथं लिहीत नाही. पाचवी पातेलं घेतलेली बाई निघाली.

"ही हिची आई. कवाची कपाटात बसलीय. म्हनती, मला भाईर कशाला काढलं, मला उजेडात हसाया येत न्हाई."

पातेलं घेतलेली बाई वळणावरून डावीकडं चालत गेली. माझ्या डाव्या हाताला गॅसची शेगडी होती आणि तिच्यावर चहाचं भांडं. मी तिकडंच बघत राहिले. मधली दोन माणसं निघून गेली ती मी बघितली नाहीत. त्यांच्यासाठी चाचा काय बोलले तेही ऐकलं नाही.

आठव्या वळणावर ते म्हणाले, "ह्यो कोण? मला वळखू येईना. बाईला बी येईना. चल रे, आलायस तर बस, च्या टाकलाय." नववं माणूस अर्धं दारातून बाहेर आलं, आणि रीळ तुटलं. चादर नुसती पांढरी झाली. मोकळं टोक चाकावर फटफट वाजत राहिलं.

चाचांनी मशीन बंद केलं. चादरीपलीकडून म्हणाले, "बरं झालं का?"

"झालं," मी म्हणाले.

"आणखी एकदा लावू? जोड मारून देतो."

मी बाहेर आले, दिवा लावला, रीळ बघितलं. हातभर कड उभी फाटली होती. जोड मारून काही होणार नव्हतं. चाचांनाही ते दिसत होतं, तरी त्यांनी विचारलं. आम्ही चहा घेतला, तेव्हा मी त्यांना कावळ्याचं रीळ दाखवलं. बशी त्यांनी दोन्ही हातांनी धरली. जाताना चपला घालत म्हणाले, "पुढच्या रविवारी कावळा लावू. तवर जरा माणसं गोळा करून ठेवा. कावळा, घागर, ढग, तीनच लागत्यात."

प्रत्येक डब्याचं मी कार्ड करते, ग्रंथालयात करतात तसं. त्या संध्याकाळी याचं केलं. नाव: माहीत नाही. देश: माहीत नाही. काढणारा: माहीत नाही. भाषा या रकान्यात पुण्याच्या संग्राहकांच्या यादीत 'मूक' होतं. मी तिथं 'मराठी' लिहिलं. पात्रांच्या रकान्यात एक ते नऊ आकडे टाकले, पाचांची नावं लिहिली आणि चार ओळी मोकळ्या सोडल्या. मग फोन घेतला आणि भावाकडून त्या शाळेतल्या मैत्रिणीचा नंबर मिळतो का, ते विचारलं.